रेनकोटवरचे ५००० मिमी आणि महाबळेश्वरचे ५००० मिमी

जून लागला की ज्युनिअर मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, कासला प्लॉट टाकायचेत, कुठला रेनकोट घेऊ?" मागच्या वर्षी एकीने तर दुकानातूनच लेबलचा फोटो पाठवला. लेबलवर '५००० मिमी' लिहिलेलं. खाली तिचा मेसेज: "महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमी पाऊस पडतो ना? मग हा कमी पडेल का?"

मी आधी हसले, मग लक्षात आलं की प्रश्न अगदी रास्त आहे. एकक तेच, आकडाही जवळपास तोच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून म्हटलं, या वेळी पेपरबिपर बाजूला ठेवून सातारा-सांगलीच्या डोंगरात पावसाळ्यात फील्डवर्क करताना आपण ओले का होतो, याबद्दलच लिहावं. यात तुमच्या संशोधनाला लागणारं बरंच काही आहे, आणि तुमच्या जिवाला लागणारंही थोडं आहे.

आधी पावसाचे मिमी. पर्जन्यमापकात पडलेलं पाणी वाहून न जाता, मुरून न जाता साचलं तर त्याची उंची किती होईल, तो हा आकडा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिमीच्या मागेपुढे पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणखी शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माणदेशात आणि आटपाडी-जतकडे, पाचशे मिमी पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. म्हणजे तुमचा प्लॉट 'सातारा जिल्ह्यात' आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. सातारा, सांगली आणि रत्नागिरीच्या सीमा जिथे भेटतात तिथलं पाथरपुंज आणि दहिवडी, दोन्ही साताऱ्यातच.

रेनकोटवरचे मिमी वेगळे. कापडाचा तुकडा ताणून बसवायचा, त्यावर पाण्याचा उभा स्तंभ उभा करायचा आणि उंची वाढवत न्यायची. पाणी कापडातून पाझरायला लागलं की ती उंची लिहायची. ५००० मिमी म्हणजे पाच मीटर उंच पाण्याचा दाब, साधारण ४९ किलोपास्कल, वातावरणीय दाबाच्या जवळजवळ निम्मा. हे दाबाचं माप आहे. किती पाऊस, किती तास, किती महिने, याच्याशी त्याचा संबंध नाही. धो धो पावसाचा कापडावरचा दाब यापेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे दीड-दोन हजारवालं कापडही पाऊस अडवतं.

मग ५००० कशाला लागतात? तुम्ही क्वाड्रॅट टाकून गुडघ्यावर बसता तेव्हा. गणित करून बघा. अंगाचा ३० किलो भार एका गुडघ्यावर आला, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन. टेकलेला भाग ६० चौरस सेंटिमीटर धरा. ३०० भागिले ०.००६, म्हणजे ५०,००० पास्कल. पाच मीटर पाणी! लेबलवरची सगळी मर्यादा एका गुडघ्याने संपवली. सड्यावरच्या ओल्या जांभ्यावर दहा मिनिटं गुडघा टेकून वायतुऱ्याची रोपं मोजलीत की पॅन्ट आतून ओली होते ती यामुळे. दुकानदाराने फसवलंय असं समजू नका. उपाय स्वस्त आहे: जुन्या फोमच्या चटईचा वीतभर तुकडा गुडघ्याखाली घ्या, भार पसरतो, दाब उतरतो. पाठीवरच्या जड सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात, तिथेही हीच गोष्ट.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे माणूस बाहेरून जेवढा भिजतो तेवढाच आतून भिजतो.

चढताना घाम येतो, दमट हवेत ताशी अर्धा ते एक लिटर सहज. साधा प्लास्टिकचा रेनकोट घातला तर तो सगळा आतच राहतो. यावर उत्तर म्हणून 'श्वास घेणारी' कापडं आली. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या वर्गातला पदार्थ तापवून झटक्यात ताणला, तेव्हा त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण वाफेचा रेणू सहज बाहेर जातो. कल्पना सुंदर आहे. ती चालते पण. फक्त कुठे चालते, हे विचारायला हवं.

वाफ स्वतःहून बाहेर जात नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती ढकलली जाते. घामाने ओल्या, ३४ अंश तापमानाच्या त्वचेजवळ बाष्पदाब असतो सुमारे ५.३ किलोपास्कल. आता तोच जॅकेट घालून तीन ठिकाणी उभे राहा. हिमालयात हिवाळ्यात, शून्य अंश आणि ५० टक्के आर्द्रता: बाहेरचा दाब ०.३, फरक ५. महाबळेश्वरला जुलैत, २० अंश आणि हवा पूर्ण संपृक्त: बाहेर २.३, फरक ३. कुंभार्ली घाट उतरून कोकणात गेलात, २८ अंश आणि तशीच संपृक्त हवा: बाहेर ३.८, फरक उरला दीड. जॅकेट तोच, किंमत तीच, वाफ ढकलणारा जोर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यात कापडाच्या बाहेरच्या बाजूचा पाणी झटकणारा थर दोन-चार वापरांत झिजला की वर पाण्याचा सलग पापुद्रा बसतो, पावसाने कापड गार पडतं आणि आतली वाफ त्यालाच टेकून पुन्हा पाणी होते. मग आपण म्हणतो, "जॅकेट गळतं." गळत नसतं, घामच असतो.

आता लेबलवरचा दुसरा आकडा पाहा: १०,००० ग्रॅम, प्रति चौरस मीटर, प्रति २४ तास. दहा हजार ऐकून छान वाटतं. २४ ने भागा: ताशी ४१७ ग्रॅम. जॅकेटचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर धरलं तर ताशी ४०० मिलिलिटर घाम बाहेर, आणि तुम्हाला येतोय त्याच्या दुप्पट. शिवाय हा आकडा आला कुठून? एका प्रचलित चाचणीत कापडाच्या एका बाजूला पाणी असतं आणि दुसऱ्या बाजूला ओलावा ओढून घेणारं क्षाराचं द्रावण. म्हणजे पलीकडची हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली. कासच्या पठारावर जुलैत पलीकडे असतो ढग.

हा ढगही समजून घेण्यासारखा आहे. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा आहे, २०१२ पासून. डोंगरमाथ्यावर का, तर तिथे ढग स्वतःच जमिनीवर येतो, त्याचे थेंब मोजायला विमान लागत नाही. ढगातला थेंब साधारण १०-२० मायक्रॉनचा. वीस मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सेंटिमीटरभरच खाली येतो, आणि वारा सेकंदाला पाच-दहा मीटर. म्हणजे हे पाणी वरून येतच नाही, आडवं येतं, वाऱ्यासोबत, हनुवटीखाली, बाहीतून, चष्म्यावर. छत्री अशा वेळी फक्त हाताला काम. पाऊस 'थांबलेला' असतानाही आपण निथळत असतो ते असं.

तेव्हा कोरडं राहता येईल, हा विचारच आधी सोडून द्या. इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक स्कॉटलंड-नॉर्वेच्या थंड ओल्या हिवाळ्यासाठी लिहिलेले असतात. तिथे पाऊस पाच अंशांचा, घाम कमी, म्हणून सगळी युक्ती पाणी बाहेर ठेवण्याची. आपल्या पावसात वेगळी युक्ती लागते, आणि ती इथल्या माणसांनी केव्हाच केलेली आहे.

इरलं पाहिलंय का? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, हल्ली प्लास्टिकचा कागद. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापासून कमरेपर्यंत होडीसारखं पालथं बसतं. अंगाला कुठेच चिकटत नाही, बाजू सगळ्या उघड्या, त्यामुळे आत हवा खेळती. कुठल्याही मेम्ब्रेनपेक्षा ते जास्त श्वास घेतं, कारण मध्ये कापडच नाही. मात्र वाकून काम करणाऱ्यासाठीच ते बनलंय आणि वाऱ्यात टिकत नाही. पण तत्त्व उचला: चढताना रेनकोटची चेन उघडी ठेवा, काखेतली झिप असेल तर सोडा, पावसाळी पोंचो घेतलात तर आणखी बरं. थोडा पाऊस आत आला तर येऊ दे. घामाने भिजण्यापेक्षा पावसाने भिजणं वाईट नाही, किमान खारट तरी नसतं.

दुसरी गोष्ट घोंगडी. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातल्या दख्खनी मेंढ्यांची भरड लोकर, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली. एक कोपरा आत दुमडून डोक्यावर खोळ केली की झाला रेनकोट. विज्ञान असं: ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या १५-१६ टक्के ओलावा तंतूच्या आत शोषून ठेवते, सुती कापड सातआठ टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. हवा संपृक्त झाली तर लोकरीचा आकडा तिशीपर्यंत जातो, तरी हाताला ती ओली लागत नाही. हा ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. तंतूंना कुरळेपणा असल्याने भिजल्यावरही त्यांच्यात हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं, हवा गेली, ऊब गेली. म्हणून फील्डला जीन्स नको, हे मी हात जोडून सांगते. जाड सुती कापड, एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही.

घोंगडीचं गुणगान इथेच थांबवते. ओली घोंगडी खांद्यावर घेऊन चढ चढणं म्हणजे शिक्षा आहे, आणि लोकर ही काही जादू नाही. याचा पुरावा आपल्याच भागात आहे. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून दगावल्या. अंगावर लोकर असूनही. रात्रभराचा पाऊस, वारा, हिवाळ्यातली थंडी आणि आडोसा नाही, एवढं एकत्र आलं की लोकर हरते. मेंढपाळ धनगर पिढ्यानपिढ्या पावसाळ्यात कळप घाटमाथ्याकडे न नेता पूर्वेच्या कोरड्या माळावर ठेवत आले ते उगाच नाही. भिजण्यावरचा त्यांचा पहिला उपाय घोंगडी नव्हता, जागा निवडणं हा होता.

ही मेंढ्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण 'आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते' हे वाक्य मी फार ऐकलंय. थर्मामीटरवर नाही, पण हिशेबात असते. ३४ अंशाच्या त्वचेवरून एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे २.४ किलोजूल उष्णता लागते. भिजलेल्या शर्ट-पॅन्टमध्ये ३०० ग्रॅम पाणी आहे असं धरा: ७२० किलोजूल. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. म्हणजे सात हजार सेकंद, दोन तासांची सगळी कमाई फक्त कपडे वाळवण्यात. थोडी उष्णता बाहेरच्या हवेतूनही येते, म्हणून हा अंदाज वरचा आहे. पण पाऊस चालू असेल तर कपडे वाळतच नाहीत, पुन्हा भिजतात आणि खर्च चालू राहतो.

चालत असता तोवर हे जाणवत नाही. चढताना शरीर ४००-५०० वॅट उष्णता टाकत असतं. थांबलात की एकदम १०० वर येता, कपडे ओलेच, वारा तोच. आणि आपलं काम तर थांबण्याचंच आहे! ट्रेकर चालत राहतो. आपण एका चौरस मीटरपाशी पाऊण तास बसून गवताच्या काड्या मोजतो. त्यामुळे फील्डवर्क करणारा विद्यार्थी त्याच पावसात ट्रेकरपेक्षा जास्त गारठतो. प्लॉटवर पोचल्यावर, कुडकुडायला लागायच्या आधी, अंगात पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा थर चढवायचा आणि त्यावर रेनकोटची चेन आता बंद करायची. चढताना उघडा, बसताना बंद. मी हे उलट करत होते कितीतरी दिवस.

मग कोरडं काय ठेवायचं? दोनच गोष्टी: रात्रीचे कपडे आणि डेटा.

रात्रीचे कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत, प्रत्येकीला गाठ, सॅकच्या मध्यभागी. सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी येतंच. मुक्कामाला पोचल्याशिवाय त्या पिशवीला हात लावायचा नाही. सकाळी पुन्हा ते ओले, गार, घाणेरडे कपडेच अंगात घालायचे. यातच बहुतेकांचा निश्चय मोडतो. दुसऱ्या दिवशी कोरडे घालून निघतात आणि संध्याकाळी दोन्ही जोड ओले. पायांचंही तसंच, रात्री मोजे काढून बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करा. चिखल्या झाल्या की बूट घालवत नाही आणि आठवड्याचं काम बुडतं.

डेटाबद्दल माझा स्वतःचा किस्सा आहे. पहिल्या पावसाळ्यात मी नोंदी जेल पेनने केल्या. वही पिशवीत होती, पिशवी सॅकमध्ये, पण लिहिताना हातावरून ओघळणारं पाणी पानावर जाणारच ना. दोन दिवसांच्या अकरा क्वाड्रॅटच्या जागी निळसर ढग राहिले. बहरायचा आठवडा निघून गेला होता, परत जाऊन उपयोग नव्हता. प्रबंधात त्या वर्षाच्या त्या ओळी आजही रिकाम्या आहेत. तेव्हापासून साधी एचबी पेन्सिल. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, एवढं साधं कारण. वहीच्या पानांचे फोटो रोज संध्याकाळी काढायचे. फोनवरच नोंदी करू म्हणाल तर एकदा ओल्या बोटाने ओल्या स्क्रीनवर 'इरिओकॉलॉन' टाईप करून बघा.

कॅमेऱ्याला पावसापेक्षा एसी गाडीचा धोका जास्त. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २० अंश असेल आणि गाडीत लेन्स १८ अंशांपर्यंत गार झाली असेल, तर बाहेर काढताक्षणी तिच्यावर पाणी धरणार, कधीकधी काचेच्या आतून. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून पाव तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या संपृक्त झाल्या की नुसते खडे उरतात, मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

राहिला प्रश्न मागे कधी फिरायचं. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस झाला, माणदेशाच्या वर्षभराच्या पावसाहून जास्त. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. असा इशारा असताना कुठला रेनकोट हा प्रश्नच नसतो, घरी बसायचं. कोयना-चांदोलीत पावसाळ्यात वनखात्याची परवानगी हातात असली तरी ओढ्याला पाणी चढलं की ती परवानगी ओढ्याला दाखवता येत नाही.

साध्या पावसाळी दिवशीचा अंदाज जरा अवघड, कारण गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे शेवटी कळतं. थरथर जाणवते, पण हट्टही वाढतो, "दोनच प्लॉट राहिलेत." म्हणून निर्णय स्वतःवर सोडू नका. आमच्यात एक पद्धत आहे: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून दाखवायचा, आणि जोडीदाराने नोंदवही बघायची. सकाळची पहिली ओळ आणि आत्ताची ओळ शेजारी धरायची. अक्षर मोठं व्हायला लागलं, रेषा सोडून उतरायला लागलं, आकडे खोडून पुन्हा लिहिलेले दिसले, की वही बंद. तसंही त्या अक्षरातल्या नोंदी नंतर वापरता येत नाहीत. मागच्या ऑगस्टमध्ये माझी वही जोडीदारणीने सव्वादोन वाजता बंद केली, चौदापैकी नऊ प्लॉट झाले होते. मी तिच्याशी भांडले. खाली टपरीवर चहाचा ग्लास धरता येईना, तेव्हा गप्प बसले.